श्रीरामपूरचा वेगवान गोलंदाज

१. गावाकडचा पोरगा

श्रीरामपूर हे तालुक्याचे गाव आहे. पूर्वीचा अहमदनगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा, त्यात हे गाव येते. भोवती उसाचे मळे आहेत, साखर कारखाने आहेत. दौंड ते मनमाड या लोहमार्गावर हे गाव लागते.

या गावी ७ ऑक्टोबर १९७८ रोजी एक मुलगा जन्माला आला. त्याचे नाव झहीर खान. वडिलांचा फोटो काढण्याचा धंदा होता. आई शाळेत शिकवीत असे. घर साधे, खाऊनपिऊन सुखी. झहीरचे शिक्षण श्रीरामपुरातच झाले.

पोराला क्रिकेटचा नाद होता. आता तुम्ही म्हणाल, नाद कुणाला नसतो? आपल्या गावातही पोरे उन्हातान्हात खेळतातच. खरे आहे. पण या पोराचा डावा हात वेगळा होता. चेंडू त्याच्या हातून गोफणीतून दगड सुटावा तसा सुटे.

झहीर अभ्यासातही बरा होता. पुढे इंजिनिअर व्हावे, असा बेत होता. घरच्यांच्या दृष्टीने ती सरळ वाट होती. शिकायचे, नोकरी धरायची, घर चालवायचे. पण वडिलांनी मुलाचा हात पाहिला. देशात इंजिनिअर पुष्कळ आहेत, चांगले वेगवान गोलंदाज थोडे आहेत, असा विचार त्यांनी केला. मुलाला घेऊन ते मुंबईला गेले. त्या वेळी झहीर सतरा वर्षांचा होता.

मुंबईत नॅशनल क्रिकेट क्लब नावाचा एक जुना क्लब आहे. तिथे सुधीर नाईक हे शिकवीत. ते स्वतः भारताकडून कसोटी सामने खेळलेले. त्यांनी झहीरला हाताखाली घेतले. पुढे तो चेन्नईला गेला. तिथे वेगवान गोलंदाज घडविणारी एक शाळाच आहे. ऑस्ट्रेलियाचे डेनिस लिली तिथे येऊन शिकवीत. लिली म्हणजे त्यांच्या काळचे जगातले नामी गोलंदाज.

मुंबईच्या संघात जागा मिळणे कठीण होते. मग झहीर बडोद्याकडून खेळू लागला. एक दार उघडत नाही म्हणून तो घरी परत गेला नाही. दुसऱ्या दारावर थाप मारली.

२. हे काम किती कष्टाचे?

पुढची गोष्ट कळायला हवी असेल, तर वेगवान गोलंदाजाचे काम काय असते, ते आधी समजून घेऊ.

दोन्ही बाजूंच्या यष्ट्यांमध्ये २२ यार्डांचे, म्हणजे ६६ फुटांचे अंतर असते. चेंडू आत बुचाचा अन् दोऱ्याचा, वरून कातड्याचा. त्याचे वजन साधारण १६० ग्रॅम. हातात धरून पाहिला, तर दगडासारखा लागतो. झहीरसारखा गोलंदाज हा चेंडू तासाला १४० किलोमीटरच्या आसपास वेगाने टाकतो. समोरच्या माणसाला विचार करायला अर्धा सेकंद मिळतो. आपण एकदा डोळा मिटून उघडतो, तेवढ्यात चेंडू जवळ आलेला असतो.

आता गोलंदाजाच्या अंगाचा विचार करा. तो लांबून धावत येतो. उडी घेतो. पुढचा पाय जोरात जमिनीवर आपटतो. त्या क्षणी त्या पायावर त्याच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. पाठ वाकते, पिळते. खांदा वरून गरकन फिरतो. असे एकदा नव्हे, दिवसात शंभर-सव्वाशे वेळा.

आपण हिशोब करू. एका षटकात सहा चेंडू असतात. दिवसात २० षटके टाकली, तर १२० चेंडू झाले. दर चेंडूला २० मीटर धाव धरा. १२० गुणिले २० म्हणजे २४०० मीटर. जवळजवळ अडीच किलोमीटर नुसते जोरात पळणे झाले. तेवढेच अंतर परत चालत जायचे, ते वेगळे. कसोटी सामना पाच दिवसांचा असतो. उद्या उठून पुन्हा हेच.

ऊस तोडणाऱ्याची कंबर, हमालाचा खांदा, भात लावणाऱ्या बाईची पाठ यांना कष्टाचा अर्थ सांगावा लागत नाही. वेगवान गोलंदाजाचे काम त्याच जातीचे आहे. त्याचे शरीर हेच त्याचे भांडवल. ते मोडले की धंदा बसला.

३. चढण

२००० साल उजाडले. ऑक्टोबर महिन्यात आफ्रिकेतल्या केनिया देशात नैरोबी शहरी मोठी स्पर्धा होती. त्या स्पर्धेत बाविशीच्या झहीरला भारताच्या संघात घेतले. ऑस्ट्रेलियाशी सामना पडला. त्यांचा कर्णधार स्टीव्ह वॉ फार खमका खेळाडू. झहीरने थेट पायाशी चेंडू टाकला अन् त्याची दांडी उडवली. अशा चेंडूला यॉर्कर म्हणतात. सारे विचारू लागले, हा पोरगा कोण? कुठला?

पुढच्याच महिन्यात ढाक्याला तो पहिला कसोटी सामना खेळला. तो बांगलादेशाचाही पहिलाच कसोटी सामना होता.

२००१ साली रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात बडोद्याने रेल्वेच्या संघाला २१ धावांनी हरविले. शेवटच्या डावात झहीरने पाच गडी बाद केले.

२००३ साली विश्वचषक स्पर्धा दक्षिण आफ्रिकेत झाली. झहीरने ११ सामन्यांत १८ गडी बाद केले. भारत अंतिम सामन्यात पोचला. गाडी चढणीला लागली होती, अन् चांगली धावत होती.

४. एक षटक

२३ मार्च २००३. जोहान्सबर्ग शहर. समोर ऑस्ट्रेलिया. भारताने आधी गोलंदाजी घेतली. पहिले षटक झहीरच्या हाती दिले.

सारा देश पाहत होता. झहीर अधीर झाला. अंगात जोर होता, पण मन जाग्यावर नव्हते. एक पाय रेषेच्या पुढे पडला. तो नो-बॉल झाला. काही चेंडू लांबून गेले. ते वाईड झाले. या चुकांची धाव समोरच्या संघाला फुकट मिळते, अन् चेंडू पुन्हा टाकावा लागतो. त्या एका षटकात १५ धावा गेल्या.

त्या दिवशी त्याने सात षटके टाकली. ६७ धावा गेल्या. गडी एकही मिळाला नाही. ऑस्ट्रेलियाने ३५९ धावा केल्या अन् भारत १२५ धावांनी हरला.

सामना अकरा जण हरतात. पण लोकांच्या तोंडी ते पहिले षटक राहिले. जगाची रीत अशीच आहे. स्पर्धेत काढलेले अठरा गडी लोक विसरले, एक षटक विसरले नाहीत.

५. उतरण

त्याच वर्षी डिसेंबरात संघ ऑस्ट्रेलियाला गेला. ब्रिस्बेनच्या कसोटीत झहीरने ९५ धावांत पाच गडी घेतले. झाली भरपाई, असे वाटले. पण मांडीच्या मागचा स्नायू दुखावला. पुढच्या ॲडलेडच्या कसोटीत भारताने ऑस्ट्रेलियाला हरविले. त्या विजयी संघात झहीर नव्हता.

त्याच सामन्यात इरफान पठाण प्रथम कसोटी खेळला. तोही डावखुरा, तोही वेगवान, तोही बडोद्याचाच. एकाचे दुखणे ते दुसऱ्याची संधी. यात इरफानचा काही दोष नाही. रिकामी जागा कुणी तरी भरणारच.

पुढची दोन वर्षे तशीच गेली. बरे व्हायचे, खेळायला यायचे, पुन्हा दुखणे. वेग कमी झाला. लोक म्हणू लागले, याचे शरीर साथ देत नाही. कुणी म्हणे, हा मेहनत करीत नाही. २००५ च्या अखेरीस क्रिकेट मंडळाने त्याला करारात खालच्या श्रेणीत टाकले. म्हणजे पैसाही घटला, मानही घटला. २००६ च्या सुरुवातीला संघातली जागाही गेली. रुद्र प्रताप सिंग हा आणखी एक डावखुरा गोलंदाज आता संघात आला होता.

झहीर तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. गोलंदाजाचे ऐन उमेदीचे वय. अन् हाती काम नव्हते.

अशा वेळी माणूस काय करतो? कुणी नशिबाला बोल लावतो. कुणी दुसऱ्याच्या नावाने खडे फोडतो. कुणी व्यसनाला लागतो. झहीरने काय केले, ते आता पाहू.

६. पुन्हा पहिलीच्या वर्गात

इंग्लंडात परगण्यांचे संघ असतात. त्यांना काउंटी म्हणतात. वूस्टरशायर ही तशी एक काउंटी. २००६ च्या उन्हाळ्यात झहीर तिच्याकडून खेळायला गेला. तिथे भारताचा झेंडा नाही, लाख लोकांची गर्दी नाही. आज या गावी चार दिवसांचा सामना, तो संपला की सामान उचलायचे अन् दुसऱ्या गावी जायचे. थंडी, पाऊस, ओले मैदान. काम मात्र रोज. आपले सामान आपण वाहायचे, आपल्या अंगाची काळजी आपण घ्यायची.

हे काम त्याने कमीपणाचे मानले नाही. तिथे तो पुन्हा शिकला.

पहिली गोष्ट, त्याने धाव आखूड केली. लांबून धावत येण्यात जोर फुकट जात होता. धाव कमी केल्याने दम टिकला, तोलही सावरला.

दुसरी गोष्ट, नुसत्या वेगावर भिस्त ठेवणे त्याने सोडले. चेंडू वळविण्याची विद्या त्याने पक्की केली. ही विद्या कशी असते, ते सांगतो. चेंडूच्या मधोमध शिवण असते. एक बाजू घासून गुळगुळीत ठेवतात. दुसरी बाजू खरखरीत होऊ देतात. शिवण तिरपी धरून चेंडू टाकला, की हवा दोन्ही बाजूंनी सारखी वाहत नाही. म्हणून चेंडू हवेतच एका अंगाला वळतो. चेंडू जुना झाला, की चांगला गोलंदाज तोच चेंडू उलट्या अंगालाही वळवतो. फलंदाजाला वाटते चेंडू बाहेर जाणार, अन् तो आत येतो.

तिसरी गोष्ट, समोरचा माणूस वाचायला तो शिकला. याचा पाय कुठे पडतो? याची बॅट कुठून येते? याला काय आवडते? आपण अक्षरे वाचतो, तशी त्याने माणसे वाचली.

फळ काय मिळाले? काउंटीच्या पहिल्याच सामन्यात दहा गडी. एसेक्सविरुद्ध एका डावात नऊ गडी. साऱ्या मोसमात ७८ गडी. महिनोन्‌महिने खेळूनही शरीर टिकले, ही त्याहून मोठी कमाई.

त्याच वर्षाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यासाठी त्याला परत बोलावणे आले. जोहान्सबर्गला भारताने कसोटी जिंकली. दक्षिण आफ्रिकेच्या भूमीवर भारताचा तो पहिला कसोटी विजय. २००३ साली ज्या शहरात झहीरला मार पडला होता, तेच हे शहर.

७. गोळ्यांची गंमत

२००७ च्या जुलैत भारत इंग्लंडात खेळत होता. नॉटिंगहॅम गावी कसोटी होती. झहीर फलंदाजीला आला. पाहतो तो काय, त्याच्या उभे राहण्याच्या जागी कुणी गोड गोळ्या टाकलेल्या. जेली बीन म्हणतात तशा रंगीत गोळ्या. कुणी थट्टेने टाकल्या होत्या. झहीरला ती थट्टा रुचली नाही. तो चिडला.

राग सर्वांनाच येतो. राग कुठे खर्च करायचा, यावर सारे असते. २००३ साली अधीरपणाने त्याचा पाय रेषेबाहेर पडला होता. आता तो राग त्याने चेंडूत घातला. इंग्लंडच्या दुसऱ्या डावात त्याने ७५ धावांत पाच गडी बाद केले. सामन्यात एकूण नऊ. भारत सात गडी राखून जिंकला. मालिकाही १-० अशी जिंकली. इंग्लंडात मालिका जिंकून भारताला एकवीस वर्षे झाली होती. १९८६ नंतर हा विजय आला. तीन सामन्यांत झहीरने १८ गडी घेतले.

२००९ च्या डिसेंबरात भारत कसोटीच्या क्रमवारीत जगात पहिला आला. त्या वेळी मुंबईच्या ब्रेबॉर्न मैदानावर श्रीलंकेला हरविले, तेव्हा दुसऱ्या डावात झहीरने पाच गडी घेतले होते.

८. पुन्हा अंतिम सामना

२ एप्रिल २०११. मुंबईचे वानखेडे मैदान. विश्वचषकाचा अंतिम सामना. समोर श्रीलंका. पहिले षटक पुन्हा झहीरच्या हाती.

आठ वर्षांपूर्वी पहिल्या षटकात १५ धावा गेल्या होत्या. या वेळी त्याने पहिली तीन षटके टाकली अन् एकही धाव दिली नाही. पाच षटकांत फक्त सहा धावा दिल्या अन् एक गडी घेतला. शेवटी शेवटी त्यालाही मार पडला. दहा षटकांत एकूण ६० धावा गेल्या, दोन गडी मिळाले. म्हणजे सारा दिवस त्याचा नव्हता. पण सुरुवात त्याने राखली होती.

भारताने सामना सहा गडी राखून जिंकला. अठ्ठावीस वर्षांनी विश्वचषक घरी आला. साऱ्या स्पर्धेत झहीरने २१ गडी घेतले. तेवढेच गडी पाकिस्तानच्या शाहिद आफ्रिदीने घेतले. या दोघांहून जास्त कुणी घेतले नाहीत.

९. शरीराचा हिशोब

गोष्ट इथे संपवली असती, तर गोड झाली असती. पण खरी गोष्ट पुढे आहे.

तीनच महिने गेले. जुलै २०११ मध्ये लॉर्ड्स मैदानावर कसोटी सुरू झाली. पहिल्याच दिवशी झहीरने १८ धावांत दोन गडी घेतले. चौदावे षटक टाकता टाकता तो थांबला. पुन्हा मांडीमागचा तोच स्नायू. तो मैदानाबाहेर गेला, तो त्या मालिकेत परत आलाच नाही. भारत चारही सामने हरला. पुढे घोट्यावरही शस्त्रक्रिया करावी लागली.

२०१२ च्या डिसेंबरात त्याला संघातून वगळले. वय चौतीस. पुष्कळांनी म्हटले, संपला.

२०१३ साली तो फ्रान्स देशात गेला. युवराज सिंग त्याच्याबरोबर होता. युवराज कर्करोगातून उठलेला. दोघांनी तिथे राहून अंग कसले. वर्षाच्या अखेरीस झहीर परत संघात आला. गाव पुन्हा जोहान्सबर्ग! तिथे त्याने जॅक कॅलिस या मोठ्या खेळाडूला बाद केले. कसोटीतला तो त्याचा तीनशेवा गडी. भारताच्या वेगवान गोलंदाजांत तोवर फक्त कपिल देव यांनी तीनशे ओलांडले होते.

२०१४ च्या फेब्रुवारीत न्यूझीलंडात वेलिंग्टन येथे तो शेवटची कसोटी खेळला. न्यूझीलंडच्या ब्रेंडन मॅक्युलमने ३०२ धावा केल्या. पस्तीस वर्षांच्या झहीरने त्या एका डावात ५१ षटके टाकली अन् पाच गडी घेतले. भारत जिंकला नाही. पण त्याने काम अर्ध्यावर सोडले नाही.

ऑक्टोबर २०१५ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. शरीर आता रोजचा भार उचलणार नाही, हे त्याने ओळखले. थांबायचे केव्हा, हे कळणे हीही एक विद्या आहे. २०२० साली भारत सरकारने त्याला पद्मश्री दिली.

१०. आपण काय घ्यावे?

आपल्यातला कुणी आता विश्वचषक खेळायला जाणार नाही. पण अंगमेहनतीवर पोट भरणारे आपण पुष्कळ आहोत. म्हणून दोन-तीन गोष्टी ध्यानात धरू.

दुखणे अंगावर काढू नये. दुखऱ्या स्नायूवर पुन्हा भार दिला, तर तो पुन्हा दुखावतो. झहीरजवळ डॉक्टर होते, उपचार होते, तरी हे घडले. आपली कंबर धरली, खांदा दुखू लागला, तर लवकर दवाखाना गाठावा. चार दिवसांची मजुरी बुडते, हे खरे. पण दुखणे वाढले, तर वर्षाची मजुरी बुडते.

जोर कमी झाला, की रीत बदलावी. झहीरने धाव आखूड केली अन् डोके जास्त वापरले. नुसता जोर वयाबरोबर जातो. शिकलेली विद्या राहते.

अन् शिकायला वयाची अट नाही. देशाकडून खेळून झाल्यावर, सत्ताविसाव्या वर्षी, तो परक्या मुलखात नव्याने शिकायला बसला. त्याला लाज वाटली नाही. तुम्ही हा धडा वाचत आहात. म्हणजे तुम्हीही त्याच वाटेने निघाला आहात.

सांगा पाहू

१. झहीरचे गाव कोणते? ते कोणत्या जिल्ह्यात आहे?
२. २००३ च्या अंतिम सामन्यात पहिल्या षटकात किती धावा गेल्या? २०११ च्या अंतिम सामन्यात पहिल्या पाच षटकांत किती?
३. इंग्लंडात जाऊन झहीर कोणत्या तीन गोष्टी शिकला?
४. तुमच्या कामात शरीराच्या कोणत्या भागावर जास्त भार पडतो? तो कमी करायला काय करता येईल? वर्गात चर्चा करा.

हिशोब करा

झहीरने कसोटी सामन्यांत ३११ गडी बाद केले. एकदिवसीय सामन्यांत २८२ गडी. वीस षटकांच्या सामन्यांत १७ गडी. एकूण किती झाले? पाटीवर मांडा. उत्तर ६१० आले, तर तुमची बेरीज बरोबर आहे.